पाणी न थांबणारं पटांगण

रेसच्या गाडीची विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा लावलेला, हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता कोणी विचारलं तर आधी चीड येते आणि मग उत्तर. विमानाचा पंख वर उचलतो, आपली विंग खाली दाबते. टायर जमिनीवर घट्ट दाबले गेले की गाडी वळणावर जास्त वेगात जाऊ शकते. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी कॉलेजात चार वर्षं लोक मला विचारत राहिले की ही फळी मागे शोभेला लावली आहे का.

कॉलेज गोंदियाजवळचं. मी नवेगाव बांधची, कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं दर आठवड्याला घरी जाणारी. कॉलेजातल्या आम्ही काही पोरापोरींनी मिळून एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी रेसकार बनवायला घेतली होती. देशभरातली कॉलेजं अशा गाड्या बनवतात आणि वर्षातून एकदा दूरच्या एका ट्रॅकवर जमून त्या पळवतात. आमच्या संघात मी एकटी मुलगी. गाडीवरून आणि गाडीखालून हवा कशी जाते, हे सगळं, ज्याला संघात एरो म्हणायचे, माझ्याकडे होतं. पुढची विंग, मागची विंग आणि पोटाखालचा पसरट फ्लोअर. हे काम मला का मिळालं, तर ते कोणालाच नको होतं म्हणून. इंजिनला आवाज असतो, त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढता येतो. हवेजवळ उभं राहून काय फोटो काढणार.

गाडी चालवायला जागा हवी. रस्त्यावर चालवता येत नाही आणि कॉलेजचं मैदान म्हणजे खड्डे. संघातल्या एका मुलाच्या घरची राईस मिल होती, उसना म्हणजे उकडा तांदूळ बनवणारी. मिलच्या मागे धान वाळवायचं भलंमोठं सिमेंटचं पटांगण होतं. उकडलेलं धान तिथे पसरायचं, बायकांनी दिवसभर पायांनी आणि लाकडी दाताळ्यानं ते फिरवत राहायचं. ते पटांगण आम्हाला मिळालं आणि पटांगणाबरोबर आम्हाला आमचा ड्रायव्हरही मिळाला. निवड वगैरे काही झाली नाही. ज्याचं पटांगण त्याची गाडी, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलं, मीसुद्धा.

पहिल्या दिवशी त्याच्या वडिलांनी आम्हाला ऑफिसात बोलावून एकेकाचं नाव विचारलं. माझं नाव ऐकल्यावर आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले, आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या मुलाला आडनाव विचारलं नाही. वाईट वागले असं मी म्हणणार नाही, चहा सगळ्यांना एकसारखाच आला. पण त्या "अच्छा"चा आवाज मला अजून येतो आणि अजून राग येतो.

नियम असा होता की स्पर्धेतली शेवटची लांब शर्यत दोन ड्रायव्हरांनी मिळून पुरी करायची. अर्धी एकानं, मग गाडी थांबवायची, आणि उरलेली अर्धी दुसऱ्यानं. ही दुसरी अर्धी माझी होती. ती मला कोणी दयेनं दिली नव्हती. बाबा दुसऱ्याचं ट्रॅक्टर रोजानं चालवायचे आणि रोवणीच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करताना त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं होतं. लोखंडी चाकं लावलेलं ट्रॅक्टर गुडघाभर चिखलात कसं निसटतं आणि निसटायच्या आधी कमरेला ते कसं कळतं, हे मला कॉलेजात जायच्या आधीपासून माहीत होतं. "पाय एकाएकी उचलू नोको बाई," ते म्हणायचे, "आन् मारू पन नोको. ते आपलं आपण निंगते." पटांगण ओलं असलं की माझा फेरा त्याच्या फेऱ्यापेक्षा लवकर पुरा व्हायचा. हे घड्याळात सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून दुसरी अर्धी मला द्यावी लागली. त्या अर्ध्या शर्यतीसाठी मी दोन वर्षं काढली. दुसरं काही मला नको होतं.

पटांगण बहुतेक वेळा ओलंच मिळायचं. ऊन पडलं की त्यावर धान पसरलेलं असायचं, मग आम्हाला कोण विचारतो. पावसाळ्यात धान आत मशीनमध्ये वाळवायचे आणि पटांगण मोकळं पडायचं. म्हणजे जग कोरड्यात सराव करतं आणि पावसाला घाबरतं, आमचं उलटं. धानाच्या दोन खेपांच्या मधला एखादा कोरडा दिवस सोडला तर आमची सगळी तयारी भर पावसात झाली.

कोरड्यात काय करायचं ते मला तिथल्याच ब्लोअरनं शिकवलं. तांदळातून कोंडा वेगळा काढायला मिलमध्ये मोठा पंखा असतो. जुना एक ब्लोअर बंद पडलेला होता, तो आम्ही चालू केला आणि त्याच्या तोंडाशी विंग बांधून मी तिच्यावर लोकरीचे रंगीत धागे चिकटवले. हवा विंगला धरून वाहत असेल तर धागे सरळ पडून राहतात. विंग फार तिरपी केली की हवा सुटते आणि धागे वेड्यासारखे फडफडतात. विंग किती तिरपी ठेवायची हे असं कळायचं. एके दिवशी मी विंगवर पाणी मारून बघितलं. ओले धागे विंगला चिकटून बसले, हलेचनात. हवा सुटली तरी सगळं छान चाललं आहे असंच दिसत होतं. ते बघून मी हसले होते. पुढे ते आठवून मला कधी हसू आलं नाही.

आता या विंगची खरी खोड सांगते. तिचा दाब वेगावर असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि वेग निम्मा झाला की दाब पावच उरतो. पावसात टायरची पकड कमी, म्हणून वळणावर गाडी हळू घ्यावी लागते, आणि हळू घेतली की विंग दाबायचं सोडून देते. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, जिथे पकड मुळातच आहे, तिथे ती आणखी पकड देते. ओल्यात, जिथे तुमचा जीव टांगणीला लागलेला असतो, तिथे हात आखडता घेते. माणसंही मला पुढे बहुतेक अशीच भेटली. ज्याची गाडी जोरात आहे त्याला चारी बाजूंनी धरतात.

यावर उपाय असतात. पावसात विंग जास्त तिरपी करायची. त्यानं हवेचा अडथळा वाढतो, सरळ रस्त्यावर गाडी मंदावते, पण पावसात सरळ रस्त्यावर पळून करायचं काय. फ्लोअरचं मात्र अवघड असतं. तो जमिनीच्या जितका जवळ, तितकी खालून जाणारी हवा वेगानं जाते आणि गाडीला खाली खेचते. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर तोच खालचा फ्लोअर पाण्यावर आपटतो, म्हणून मोठ्या स्पर्धांत पाऊस आला की गाडी थोडी वर उचलतात. आम्ही हे वाचलं होतं. पटांगणावर पावसात दोन्ही करून पाहिलं, उंच आणि खाली. दर वेळी खालची गाडी चांगली निघाली. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की पुस्तकं काही म्हणोत, आपण पावसात गाडी खालीच ठेवायची. आमचे मार्गदर्शक सरही हो म्हणाले. ड्रायव्हर तर सगळ्यात आधी हो म्हणाला, "अपना पानी का टेस्टिंग किसी के पास नहीं है." ते खरंच होतं.

स्पर्धेला निघायच्या थोडं आधी माझी बैठक, म्हणजे गाडीतली सीट, बनली. दोन ड्रायव्हरांची शरीरं वेगळी, म्हणून गाडीत ज्यानं त्यानं आपापल्या मापाची बैठक घालायची असते. प्लास्टिकच्या थैलीत फोमचं रसायन ओततात, ते फुगत असताना त्यावर बसून राहायचं. घट्ट झालं की तुमच्या पाठीचा आणि कमरेचा ठसा कायमचा उमटतो. त्याची बैठक पहिल्याच महिन्यात ओतली होती. मी सगळा सराव पाठीमागे तांदळाच्या बारदान्याच्या, रिकाम्या पोत्यांच्या, घड्या कोंबून केला. माझी वेळ आली तेव्हा थैलीवर काळी टेप गुंडाळता गुंडाळता एक जण म्हणाला, "हिची तर लहान पोराच्या मापाची झाली." सगळे हसले, मीही हसले. मला आनंद झाला होता. गाडीत माझ्या मापाची एक तरी गोष्ट आली होती.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ढग भरून आले. बाकीच्या संघांची तोंडं उतरली, ते टायर बदलायला धावले. आम्ही गोंदियाची पोरं आभाळाकडे बघून टाळ्या देत होतो. पाणी पडलं आणि आमच्यातल्या एकानं तर चिखलातच नाच केला. विंग तिरपी केली, खाचांचे टायर लावले, गाडी खालीच ठेवली. ड्रायव्हर बसला. मी हेल्मेट घालून, हातमोजे चढवून, माझी बैठक काखेत धरून अदलाबदलीच्या जागेवर जाऊन उभी राहिले. अजून वेळ होता, तरी मी हेल्मेट काढलं नाही. काच माझ्याच श्वासानं धुरकट झाली होती.

पहिले फेरे फार सुंदर गेले. वळणावर तो बाकीच्या गाड्यांना मागे टाकत होता आणि मागची विंग पाण्याचा पिसारा वर फेकत होती. मी ते डोळे भरून बघितलं, खोटं कशाला बोलू. पलीकडच्या टोकाला ट्रॅक थोडा खोलगट होता. पाऊस वाढला तसं तिथे पाणी साचत गेलं. एका फेऱ्यात आमची गाडी त्या साचलेल्या पाण्यावर गेली आणि वळलीच नाही. तव्यावर लोणी सरकतं तशी सरळ सरकत गेली आणि कडेच्या टायरांच्या ढिगावर पुढून आदळली. पुढची विंग तुटली, एक चाक वाकडं झालं. त्याला काही लागलं नाही. तो उतरून चालत आला, माझ्यासमोरून गेला आणि म्हणाला, "विंगनं धरलंच नाही."

माझी अर्धी शर्यत संपली होती. मी तिथेच उभी होते, हेल्मेट घालून. एका स्वयंसेवकानं येऊन सांगितलं की तुमची गाडी आता येणार नाही, जागा मोकळी करा.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"चालवली का वो बाई?"

"नाई बाबा."

"काऊन?"

"पानी होता."

ते म्हणाले, "पान्यात त् तू चांगली चालवते." मी फोन बंद केला. फोन कट झाला असं मी त्यांना नंतर सांगितलं.

परत आल्यावर हत्यारं ठेवायला आम्ही मिलवर गेलो. जोराचा पाऊस येऊन गेला होता. मी शेडमध्ये उभी राहून सहज पटांगणाकडे बघत होते, आणि बघता बघता ते पाण्याखालून मोकळं झालं. सगळं पाणी दोन्ही बाजूंच्या नाल्यांत गेलं, सिमेंट नुसतं ओलसर राहिलं. धानाचं पटांगण मध्ये फुगीर आणि कडेला उतरतं बांधतात, पाणी क्षणभरही थांबू नये म्हणून. थांबलं तर धान सडेल. या जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हे माहीत असतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं आम्ही त्यावर पावसात गाडी चालवली, पाण्याचे राजे म्हणून मिरवलो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण साचलेलं पाणी कधी बघितलेलंच नाही. गाडी खाली ठेवायचा निकाल या पटांगणानं दिला होता. दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकवर तो चुकणारच होता.

मी आमच्या कॅप्टनला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. तो हुशार होता, त्याला लगेच कळलं. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. मला वाटलं, झालं, आता सरांना सांगू. त्यानं आवाज खाली आणला. "पण हे बोलू नको. पटांगणामुळे झालं असं त्याच्या पप्पांच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी गाडी कुठे चालवायची?"

"मग काय सांगायचं?"

"विंग म्हणू. नाहीतरी सगळे विंगच म्हणून राहिले आहेत. त्यात कोणाचं काय जाते?"

तो हे माझ्यासमोर, माझ्या तोंडावर बोलला. त्या 'कोणा'त मी धरलेलीच नव्हते.

सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "एरो कोणाचं होतं?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पटांगणाचं सांगितलं, उताराचं, नाल्यांचं, सगळं सांगितलं. गाडी खाली ठेवायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं हेही सांगितलं. कॅप्टन खाली बघत होता. ड्रायव्हर म्हणाला, "सर, आमच्या घरच्यांनी फुकटात जागा दिली, आता तिलाच दोष?" सर मला म्हणाले की चूक कबूल करायला मोठं मन लागतं. पुढच्या वर्षी विंगचं काम दुसऱ्याला दिलं, दुसरी अर्धी शर्यतही दुसऱ्याला. मला फोटोत घेतलं होतं, कडेला.

मी असते तर गाडी वाचली असती का? मला माहीत नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की विंग काय आणि ड्रायव्हर काय, फारसं कोणाच्या हातात राहत नाही. कदाचित मीही सरळ जाऊन आदळले असते. पण ते माझं आदळणं असतं. तेवढंही मला मिळालं नाही. लोक म्हणतात, आता किती वर्षं झाली, सोडून दे. मी नाही सोडत.

आता मी राईस मिलना ब्लोअर आणि कोंड्याचे पाईप बसवून देणाऱ्या एका कारखान्यात काम करते. हवेचंच काम, फक्त शर्यत नाही. तिरोडा, आमगाव, गोंदिया, सगळीकडे फिरणं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्याच मिलमधून तक्रार आली आणि जायला दुसरं कोणी नव्हतं. मिल आता आमचा ड्रायव्हर बघतो. अंगानं सुटला आहे. मला बघून त्याला खरंच बरं वाटलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. ऑफिसात बाहेरचे व्यापारी बसले होते, त्यांना म्हणाला, "इन्होंने और हमने मिलके रेस कार बनाई थी. क्या बारिश थी उस दिन. पूरे पानी में चलाई मैंने." व्यापाऱ्यांनी माना हलवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी मागे गोदामात पडली आहे, बघून घे." त्याला यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या लेखी ती चांगली आठवण आहे.

ब्लोअरचं काम आटोपून मी गोदामात गेले. बारदान्याच्या थप्प्यांमागे गाडी होती. इंजिन कॉलेजनं काढून नेलेलं, तोंड तुटलेलंच. मागची विंग जशीच्या तशी होती, तिच्यावर बोटभर कोंडा साचला होता. आत त्याची बैठक होती. माझी दिसली नाही. मी खाली वाकून, थप्प्यांमागे हात घालून शोधली.

बाहेर ऊन तापलं होतं आणि पटांगणभर धान पसरलेलं होतं. धान फिरवणाऱ्या बायका भिंतीच्या सावलीत भाकरी खायला बसल्या होत्या. कडेची एक बाई काळ्या टेपनं गुंडाळलेल्या कशावर तरी बसली होती. टेप जागोजाग सुटली होती, आतला पिवळा फोम दिसत होता.

मी बघतच उभी राहिले तेव्हा तिनं विचारलं, "काय पाहून राहिली वो बाई?"

"हे कुठलं?"

"गोदामात पडली होती. गादी आहे कायची तरी. खाली सिमिट तपते ना, म्हनून घेतली." ती अर्धवट उठली. "तुमची आहे का? पायजे का तुमाले?"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्याएवढीच उंची, माझ्यासारखीच अंगानं बारीक.

"नाही," मी म्हणाले. "बसा तुम्ही."

ती परत टेकली. पाठीचा बाक, कमरेचा खोलगट भाग, सगळं तिला अगदी बरोबर बसत होतं. मी त्या बैठकीवर एकदाच बसले होते, ती ओतली त्या दिवशी.